जड पुस्तक तडीला कसं न्यायचं

वाचनालयाच्या कपाटातून एखादं जाडजूड, नावाजलेलं पुस्तक काढा आणि न उघडता बाजूने बघा. पानांच्या कडा सुरुवातीला बोटभर जाडीपर्यंत मळलेल्या दिसतील, पुढे कोऱ्या पांढऱ्या. कितीतरी वाचकांचे हात तिथवर पोचले आणि तिथूनच परतले. पुढची पानं जास्त अवघड आहेत असं समजू नका. बहुतेक पुस्तकं पहिल्या पन्नास-साठ पानांतच सगळ्यात जड असतात, कारण लेखकाची भाषा, माणसं, मांडणी सगळंच तिथे नवखं असतं. चढ संपत आला की माणूस माघारी फिरतो, दोन महिन्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो आणि पुन्हा तिथेच थकतो. त्या मळक्या कडांमध्ये एकाच माणसाच्या चार-चार खेपाही असतात.

जड ग्रंथ पुरा करायची रीत खान्देशाला नवी नाही. गावोगाव सप्ताह बसतात, पारायणं होतात, आणि शाळा अर्धवट सुटलेली माणसंही हजारो ओव्या शेवटपर्यंत वाचतात. त्यामागे पाच साध्या गोष्टी आहेत: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, रोजचा ठरलेला वाटा, मोठ्याने वाचणं आणि सोबत. कादंबरी असो, वैचारिक ग्रंथ असो की परीक्षेचं पुस्तक, याच पाच गोष्टी कामाला येतात. पारायणाची एक खोड मात्र सोडायची. काय वाचलं ते कळलं की नाही, हे कुणी कुणाला विचारत नाही.

आधी दुखणं ओळखा

जिथे अडलात तिथलं एक पान घ्या. नेहमीच्या वेगाने वाचा, पुस्तक मिटा आणि पानात काय होतं ते तीन वाक्यांत तोंडाने सांगा. सांगता आलं नाही, तर पुस्तक अवघड आहे. नीट सांगता आलं आणि तरी पुढचं पान उलटायला हात उचलत नाही, तर ते कंटाळवाणं आहे. या दोन दुखण्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. अवघड पुस्तक हळू वाचायचं असतं, कंटाळवाणं भरभर. लोक नेमकं उलटं करतात. अवघड आलं की धास्तीने पानं पळवतात, आणि कंटाळवाणं पुस्तक कर्तव्य म्हणून शब्दन्‌शब्द चघळत बसतात.

याशिवाय तीन दुखणी अशी आहेत की ती पुस्तकाच्या नावावर उगाच खपतात.

एक म्हणजे डोळे. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होऊ लागतं, आणि जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक असतो. तेच पान सकाळी आठच्या सुमाराला अंगणात, उजेडात वाचून बघा. तिथे सोपं गेलं, तर दोष लेखकाचा नाही, चष्म्याच्या नंबराचा किंवा खोलीतल्या बल्बचा आहे. दिवा मागून, डाव्या खांद्यावरून यावा. समोरून आला तर गुळगुळीत कागदावर चमक येते.

दुसरं, जुनं शुद्धलेखन. १९६२ चे लेखननियम येण्याआधी छापलेल्या पुस्तकांत 'नाहीं', 'त्यानें', 'केलें' असे अनुस्वार जागोजागी दिसतात. त्यांचा उच्चार करायचा नाही, डोळ्याने नुसते ओलांडायचे. फसगत होते ती 'घरांत'सारख्या शब्दाने. आज आपण तो 'अनेक घरांमध्ये' असा वाचतो, जुन्या पुस्तकात तो साधा 'घरात' असू शकतो. आठ-दहा पानं वाचून झाली की नजर सरावते.

तिसरं, बोली. ज्याच्या घरात अहिराणी, लेवा बोली किंवा पावरी चालते, त्याला पुस्तकी मराठी ही शाळेत शिकलेली दुसरी भाषाच असते. त्याला एक पान वाचायला जास्त वेळ लागणारच, आणि तो वेळ हिशोबात धरायचा असतो. उलट बाजूही आहे: बहिणाबाई चौधरींची कविता मुंबई-पुण्याच्या वाचकाला टीपा बघत वाचावी लागते, असोद्याच्या शेजारपाजारच्या माणसाला ती नुसती मोठ्याने म्हटली की कळते.

पहिली बैठक: फक्त चाळायचं

पहिल्या दिवशी वाचायला सुरुवात करायची नाही. पंचवीस मिनिटं घ्या आणि पुस्तक हिंडून बघा, शेत घेण्याआधी बांधावरून चक्कर मारतात तसं. मलपृष्ठ वाचा. अनुक्रमणिका सावकाश वाचा आणि प्रत्येक प्रकरण किती पानांचं आहे ते पेन्सिलीने वहीत लिहा. शेवटी टीपा, परिशिष्ट, शब्दसूची आहे का ते पाहा. पुष्कळ वाचक पुस्तक संपल्यावर 'अरे, मागे अर्थ दिले होते' म्हणतात. प्रत्येक प्रकरणाचा पहिला परिच्छेद तेवढा वाचा.

प्रस्तावनेचं काय करायचं, ते पुस्तकावर आहे. वैचारिक किंवा इतिहासाच्या ग्रंथात लेखकाने स्वतः लिहिलेली प्रस्तावना आधी वाचा, कारण पुस्तकाचा सगळा नकाशा तिथे असतो. कादंबरीला दुसऱ्या कुणी लिहिलेली चाळीस पानी प्रस्तावना असेल तर ती सगळ्यात शेवटी. कितीतरी चांगल्या कादंबऱ्या प्रस्तावनेतच बुडतात.

आवृत्ती तपासणं हाही याच बैठकीतला भाग. संतवाङ्मय वाचायचं असेल तर नुसत्या ओव्यांची पोथी नवख्याने घेऊ नये. सार्थ प्रत घ्यावी, ओवी वर आणि अर्थ लगेच खाली असलेली. अर्थ मागच्या पानांवर एकत्र दिलेली प्रत असेल तर बोट दोन ठिकाणी अडकवून बसावं लागतं आणि आठवड्यात माणूस कंटाळतो. भाषांतर असेल तर दोन वेगळ्या भाषांतरांतलं एकच पान शेजारी ठेवून वाचा. पुष्कळदा पुस्तक अवघड नसतं, भाषांतर अवघडलेलं असतं.

वाटा पाडणं

सगळ्यात जास्त पुस्तकं इथे अडतात. 'रोज एक प्रकरण' हा ठराव ऐकायला सोपा, पण प्रकरणं सारखी नसतात. ज्ञानेश्वरी घ्या. अध्याय १८, ओव्या ९ हजारांच्या घरात. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आतच संपतो. पण तेरावा साधारण १,१७० ओव्यांचा आणि अठरावा १,८०० च्या वर. दोनच अध्यायांत ग्रंथाचा जवळपास तिसरा हिस्सा! आठवड्याला एक अध्याय असा हिशोब धरणारा बाराव्यापर्यंत खुशीत चालतो आणि तेरावा अंगावर येतो. रोज ५० ओव्या असा वाटा धरला तर ग्रंथ सुमारे १८१ दिवसांत संपतो, आणि तेरावा आला काय न् गेला काय, रोजचं ओझं तेवढंच राहतं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. गुरुचरित्राच्या सप्ताहाची एक रूढ वाटणी बघा: दुसऱ्या दिवशी १० ते २१ असे बारा अध्याय, आणि पाचव्या दिवशी ३६ ते ३८ एवढे तीनच. छत्तिसावा लांबलचक, म्हणून त्या दिवशीची संख्या कमी. दासबोधाची रचना तर वाटा पाडायला आयतीच आहे, २० दशक, प्रत्येकी १० समास. रोज एक समास धरला तर २०० दिवस, म्हणजे सात महिन्यांच्या आत, आणि एक समास वाचायला चहा निवण्याइतकाच वेळ लागतो.

गद्य पुस्तकाचा वाटा असा काढा. पुस्तकाच्या मधल्या भागातलं कुठलंही पान उघडा, घड्याळ लावा, २० मिनिटं नीट समजून वाचा आणि पानं मोजा. समजा सात झाली. मग अर्ध्या तासात दहा. आठवड्यात सात दिवस धरू नका, पाच धरा. दोन दिवस पाहुणे, लग्न, बाजार, वीज जाणं यांना द्यावेच लागतात. आठवड्याला ५० पानं. ३६० पानांचं पुस्तक म्हणजे सव्वासात आठवडे, धरा आठ. वर एक आठवडा राखीव. एकूण नऊ. वाचनालयात पुस्तक १५ दिवसांसाठी मिळत असेल तर चार वेळा नूतनीकरण करावं लागेल. ते करू देतात का, हे घेतानाच ग्रंथपालांना विचारून ठेवा. 'दोन आठवड्यांत संपवीन' म्हणून घेतलेलं पुस्तक अर्धवट परत जातं ते या साध्या गुणाकारामुळे.

सुरुवात कधी करायची, तेही ठरवून. कापसाची वेचणी ऐन भरात असताना शेतकऱ्याच्या घरात नवा ग्रंथ उघडण्यात अर्थ नाही. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-जावई, श्रावणात कानबाईचा सण, हे आठवडे वाट्यातून आधीच वजा करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी जेवून पंख्याखाली ग्रंथ उघडला की तिसऱ्या पानाला डोळा लागणारच. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेसहा, नाहीतर रात्री गच्चीवर दिवा लावून. पावसाळा मात्र चांगला, विशेषतः पेरण्या उरकल्यानंतरचे दिवस.

अर्ध्या तासाची बैठक

जागा एकच ठेवा. पलंग नको, पाठ टेकली की पुस्तक छातीवर येतं. पाट-चौरंग, टेबल, ओट्याची पायरी, काहीही चालेल. पुस्तक डोळ्यांपासून हात-सव्वाहातावर, थोडं तिरपं. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून शेजारी ठेवलेला फोन हा फोनच असतो.

पहिली तीन मिनिटं कालचं शेवटचं पाऊण पान पुन्हा वाचा. हे टाळलं तर पहिली दहा मिनिटं 'आपण कुठे होतो' यातच जातात. मग वीस-बावीस मिनिटं सलग. उरलेल्या वेळात वहीत दोन ओळी: आज काय झालं आणि काय कळलं नाही. दोनच ओळी, पानभर टिपणं काढायला बसणाऱ्याची वही भरते आणि पुस्तक मागे राहतं.

थांबायचं कुठे? प्रकरण संपवून थांबायची सवय चांगली वाटते, पण दुसऱ्या दिवशी नव्या प्रकरणाचा चढ पुन्हा पहिल्यापासून चढावा लागतो. प्रकरणाच्या मध्ये, गोष्ट किंवा युक्तिवाद रंगात असताना थांबा. उद्या बसायला ओढ राहते.

पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलही लावायची नाही. जुन्या वहीच्या बोटभर रुंदीच्या चिठ्ठ्या कापून ठेवा. कळलं नाही त्या पानाला वरून चिठ्ठी, आवडलं त्या पानाला बाजूने. स्वतःचं पुस्तक असेल तर समासात तीनच खुणा पुरेत: उभी रेघ महत्त्वाच्या मजकुराला, प्रश्नचिन्ह न कळलेल्याला, फुली न पटलेल्याला. खुणांची भाषा याहून वाढली की महिन्याने आपल्यालाच लागत नाही.

प्रवासातल्या वाचनाबद्दल थोडं. जळगाव-भुसावळ अर्ध्या तासाच्या आसपासचा रेल्वेप्रवास किंवा अमळनेर-नंदुरबार मार्गावरची रोजची ये-जा, यात वाचन होतं, पण जड ग्रंथ तिथे नेऊ नका. गर्दीत तोडत तोडत वाचलेली पानं घरी पुन्हा वाचावी लागतात. प्रवासासाठी दुसरं, हलकं पुस्तक ठेवा. एसटीत तर वाचूच नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर मळमळ होते आणि मन उगाच पुस्तकाला दोष देतं.

वाक्य अडलं तर

आधी ते मोठ्याने वाचा. आपली वाक्यं कानाला कळायच्या घडणीची असतात; विराम कुठे घ्यायचा ते जीभ आपोआप शोधते. तरी अडलं, तर शेवटाकडून सुरू करा. मराठी वाक्याचं क्रियापद बहुधा शेवटी असतं, आणि लांब वाक्यात तिथे पोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. उदाहरणादाखल हे रचलेलं वाक्य पाहा:

'ज्या व्यवस्थेने व्यक्तीच्या स्वातंत्र्याची हमी देण्याऐवजी तिच्या आज्ञाधारकपणालाच सद्गुण ठरवले, त्या व्यवस्थेकडून बंडखोराचे कौतुक होईल अशी अपेक्षा बाळगणे हे इतिहासाचे चुकीचे वाचन होय.'

शेवट काय? 'चुकीचे वाचन होय.' काय चुकीचं? 'अपेक्षा बाळगणे.' कसली अपेक्षा? बंडखोराचं कौतुक होईल याची. कुणाकडून? त्या व्यवस्थेकडून. कुठली व्यवस्था? आता 'ज्या'पासूनचा तुकडा वाचा: जिला आज्ञाधारक माणूसच चांगला वाटतो ती. पाच प्रश्नांत वाक्य सुटलं. 'जो-तो', 'ज्या-त्या', 'जेव्हा-तेव्हा' या जोड्यांवर बोट ठेवलं की वाक्याचे सांधे दिसतात. आठवडाभर रोज दोन वाक्यं अशी उलगडली की पुढे ते डोक्यात आपसूक होऊ लागतं.

खरा कस मात्र पुढे आहे. प्रकरण संपलं की ते घरच्या बोलीत कुणाला तरी सांगा. 'हाऊ काय सांगी राह्यना?' (हा काय सांगतोय?) असं आईने किंवा मित्राने विचारलं, तर अहिराणीत उत्तर देता आलं पाहिजे. 'संकल्पना', 'परिप्रेक्ष्य', 'अधिष्ठान' हे शब्द बोलीत येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या आड लपता येत नाही. पुस्तकाचेच शब्द तोंडातून बाहेर पडत असतील तर प्रकरण पाठ झालंय, समजलेलं नाही.

शब्द किती शोधायचे

दर न कळलेल्या शब्दाला कोश उघडला तर एका बैठकीत दीड पान होतं आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक बंद. साधा नियम: शब्द पहिल्यांदा आला, सोडून द्या, संदर्भाने अंदाज बांधा. दुसऱ्यांदा आला, वहीत लिहा. तिसऱ्यांदा आला तर शोधा, कारण आता तो त्या पुस्तकाचा खांब आहे. एका पानात पाच-सहापेक्षा जास्त शब्द अडत असतील आणि सलग दहा पानं तेच होत असेल, तर त्या विषयावरचं आधी एखादं सोपं, शंभर पानी पुस्तक वाचून या. ही माघार नव्हे. अमळनेरला प्रताप शेठजींच्या दातृत्वातून १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं केंद्र उभं आहे, म्हणून काही सगळे अमळनेरकर जन्मतःच वेदान्त वाचत नाहीत.

जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही संगणकावर फुकट शोधता येतात. व्यक्ती, घटना, संकल्पना यांसाठी मराठी विश्वकोश. तोही ऑनलाइन मोफत आहे. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. विश्वकोशातली नोंद वाचताना मात्र आधी पहिला परिच्छेदच वाचा आणि ग्रंथाकडे परत या. नोंदीतून नोंदीत भटकत गेलं की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही, आणि भटकंती छान असली तरी वाटा तसाच राहतो.

कंटाळवाण्या पुस्तकाची चाल

परीक्षेचं, खात्याच्या कामाचं किंवा कुणी फार आग्रहाने दिलेलं पुस्तक. समजतं सगळं, पण जीव रमत नाही. इथे वेग वाढवा. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचा. दोन्हींच्या मध्ये काही नवं घडलंय असं वाटलं तरच आत शिरा. तेच उदाहरण तिसऱ्यांदा येत असेल तर सरळ उडी. उडी मारलेल्या पानांवर चिठ्ठी ठेवा म्हणजे मनाला टोचणी राहत नाही. शेवटी वेळ उरला तर परत येता येतं. बहुतेक कुणी येत नाही आणि काही बिघडतही नाही.

अभ्यासिकांमध्ये सकाळी आठ ते रात्री आठ एकच पुस्तक उघडं ठेवून बसलेली मुलं दिसतात. त्यांच्यासाठी एवढंच: प्रकरणाआधी जुन्या प्रश्नपत्रिकेतले त्या प्रकरणावरचे चार प्रश्न कागदावर लिहा, ४० मिनिटं उत्तरं शोधत वाचा, पुस्तक मिटून उत्तरं लिहा, १० मिनिटं उठून चक्कर मारा. उत्तर शोधणाऱ्याला कंटाळा कमी येतो. पानावर पिवळ्या शाईने रंग फासणं हे वाचन नाही. बारा तासांनी सगळं पानच पिवळं होतं.

कादंबरी अडली तर

माणसं फार असतील तर वहीच्या मागच्या पानावर नावं लिहा: कोण, कुणाचा कोण, पहिल्यांदा कुठल्या पानावर भेटला. पंधरा नावं झाली की वंशवृक्ष काढा. यात कमीपणा नाही. आपल्याच भाऊबंदकीचा नकाशा तलाठ्याकडच्या उताऱ्याशिवाय कुठे कळतो?

दुसरी अडचण 'काही घडतच नाही' ही. पुष्कळ आधुनिक कादंबऱ्यांमध्ये घटनांची साखळी नसते. बोलणं, आठवण, चिडणं, बघणं हेच कथानक असतं. पुढे काय होणार म्हणून वाट बघणारा तिथे ऐंशीव्या पानावर वैतागतो. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांची २०१० साली आलेली 'हिंदू' अनेकांनी अशीच खाली ठेवली आहे. खंडेरावच्या आठवणी मागे-पुढे धावतात आणि वाचक काळाचा क्रम लावत बसतो. तो सोडा. रोज दहा पानं मोठ्याने वाचा, कोण बोलतंय एवढंच ऐका. खान्देशी वाचकाला इथे मोठी सवलत आहे: शिव्या, म्हणी, शेतीचे शब्द यांना कोश लागत नाही.

सोबत जमवा, पण लहान

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारांत अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून आज पुस्तक आहे. अवघड ग्रंथाच्या सामूहिक वाचनाचं याहून नेमकं वेळापत्रक सापडणं कठीण: वार एक, वाटा एक, समजावणारा एक, आणि लिहून घेणारा एक.

आपल्यासाठी तिघे ते पाच जण पुरेत. सहाच्या वर गेलं की एकजण वाचून येतो आणि बाकीचे त्याचं ऐकायला येतात. आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं. प्रत्येकाने न कळलेली एक जागा पान क्रमांकासह आणायची, 'आवडलं-नाही आवडलं' एवढ्यावर भागवायचं नाही. सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर पान शोधण्यातच वेळ जातो. प्रत एकच असेल तर एकाने मोठ्याने वाचायचं, दर दोन पानांनी वाचणारा बदलायचा. लिहून घेणारा आठवड्याला बदला. त्याची एकपानी नोंद पुढच्या वेळी आधी वाचायची. चहा शेवटी. आधी आला की बैठक गप्पांत जाते, आणि हिवाळ्यात भरीत-भाकरीचा बेत असेल तर तो वेगळ्याच दिवशी ठेवा.

खंड पडला तर

पडणारच. आजारपण, पाऊस, लग्न. चार दिवसांचा खंड असेल तर नुसतं शेवटचं पाऊण पान वाचून पुढे चला. पंधरा दिवस झाले असतील तर वहीतल्या दोन-दोन ओळी सगळ्या वाचा, मग थांबलेल्या जागेआधीची पाच पानं, आणि पुढे. काहीही झालं तरी पहिल्या पानावर जायचं नाही. वाटतं की विसरलोय, पण वीस-तीस पानं पुढे गेल्यावर बरंच काही परत येतं; जे येत नाही ते सूचीतून शोधता येतं. बुडालेल्या दिवसांची पानं एका रविवारी भरून काढायलाही बसू नका. ६० पानं एका दमात वाचली की सोमवारी पुस्तकाकडे बघवत नाही. त्यासाठीच तो राखीव आठवडा धरलेला असतो.

सोडायचं कधी

सगळी पुस्तकं संपवायची नसतात. पण दमलेल्या रात्री सोडायचा निर्णय घेऊ नका. पुस्तकाचा तिसरा हिस्सा संपला की सकाळच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा: या पुस्तकातून मला जे हवं होतं, ते उरलेल्या पानांत आहे का? ते दुसऱ्या सोप्या पुस्तकात मिळेल का? पहिल्याला 'नाही' किंवा दुसऱ्याला 'हो' आलं, तर खुशाल सोडा. परीक्षेच्या पुस्तकाला ही सवलत नाही, तिथे फक्त उड्या.

सोडतानाही नीट सोडा. शेवटचं प्रकरण वाचून घ्या. वैचारिक ग्रंथात लेखकाचा निष्कर्ष बहुधा तिथेच असतो. मग वहीत लिहा: पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल, कुठल्या प्रकरणात थांबलात आणि कशामुळे. नुसता पान क्रमांक लिहू नका, दुसरी आवृत्ती हाती आली की तो जुळत नाही. आणि परत करण्याआधी आपल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून घ्या. ग्रंथपालांना पुढच्या वाचकाआधी त्या झटकत बसावं लागतं.